उलटं पुस्तक

दर शनिवारी नारिनहून जूमार्त यायचा,
बूट शिवणारा, जन्मापासून बहिरा.
अंगाला खळीचा वास, खिशात जुन्या पावत्या,
त्यांच्या कोऱ्या पाठीवर तो माझ्याशी बोलायचा.

पहिल्याच दिवशी त्यानं काय केलं,
तर सायकालला माझ्या मांडीवरून उचललं
आणि समोर नेऊन बसवलं, गालिच्याच्या पार त्या टोकाला.
मला राग आला.
चार वर्षं हीच तर एक भाषा होती आमची:
मांडी, ऊब, तिच्या केसांत माझी हनुवटी.
गोष्ट मी तिच्या टाळूवर पुटपुटायचे,
ती चित्रं बघत बसायची.
तिला वाटत असणार, आई श्वास घेतेय.

पावतीवर त्यानं लिहिलं:
मांडीवरच्या पोराला आईचे हात दिसत नाहीत.
तोंडही नाही.
मी पावती उलटली.
दोन टाचा, एक चेन, तीनशे सोम.

तेव्हापासून पुस्तक तिच्याकडे तोंड करून
आणि अक्षरं मी उलटी वाचते.
लांडगा आभाळात पाय देऊन चालतो,
मेंढपाळ डोक्यावर उभा,
बर्फ खालून वर पडतं.
सवय होते. कशाचीही होते.

जे होत नाही ते थांबणं.
आधी तिची नजर येऊ दे, मग शब्द दे,
जूमार्त तळहात खाली दाबून सांगायचा, पुन्हा पुन्हा.
चित्रावरून उठून तिचे डोळे
माझ्यापर्यंत चालत येईस्तोवर
एकदा चुलीवरचं दूध उतू गेलं.
ताबाल्दी, माझा दीर, दारातूनच म्हणाला,
हे वाचन आहे की पाहुण्याची वाट बघणं?
दोन्ही, भाऊजी.

हात माझे बोबडे.
तिशी उलटल्यावर फुटलेली वाचा ती,
बोटं अडखळतात, लोकर पिंजून जड झालेली.
एकदा ‘बकरी’ म्हणायला गेले
आणि काय म्हणून बसले कोण जाणे,
सायकाल गडाबडा लोळली,
जूमार्तनं तोंड फिरवलं,
खांदे मात्र हलत होते त्याचे.
अजून कुणी मला सांगितलेलं नाही.

जानेवारीत लाइट गेली.
नेमका लांडगा दाराशी, दार अर्धं उघडं,
आणि आमची बोलीच विझली.
ज्यांना ऐकू येतं त्यांना अंधारात
निदान हाका तरी मारता येतात.
मी काडेपेटी चाचपडत होते
तर दोन गार हात माझ्या हातांवर येऊन टेकले,
भिंतीला कान लावावा तसे.
मग?

मग मी तिच्या ओंजळीत सांगू लागले.
दार. कुत्रा.
कुत्रा दोनदा सांगावा लागला.
आणि लांडगा? त्याची खूण अंधारात जमेना,
म्हणून तळहातावर बोटानं लिहिला.
आमच्या लिपीत लांडग्याला आठ अक्षरं लागतात.
सहाव्यालाच तिनं मूठ मिटली.
कळलं.
माझं बोट आत अडकलेलं,
आणि ते सोडवून घ्यायची मला काही घाई नव्हती.

मार्चात एक कोकरू घरात आणलं, आई मेलेली,
चुलीशेजारी खोक्यात ठेवलं.
संध्याकाळी बघते तर सायकाल त्याच्यासमोर
मांडी घालून बसलेली,
पुस्तक त्याच्याकडे तोंड करून.
तिच्या बाजूनं सगळं उलटं:
मेंढपाळ डोक्यावर, बर्फ वर चढणारं.
मी खुणेनं म्हटलं, आधी तू नीट बघ, सरळ धर.
तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली
जशी मी पुन्हा बकरीचंच काहीतरी म्हणाले.

कोकरू चुलीतल्या विस्तवाकडे बघत होतं.
एक हात हवेत उचलून धरलेला,
शब्द बोटांच्या टोकाशी आलेला,
आणि सायकाल
थांबून राहिली.