अकरा सेकंद

नंदुरबारला पथारीवर मिरची वाळत असते तेव्हा
रस्त्यानं जाणारी एसटीसुद्धा शिंकते.
त्या पथारीच्या कडेला, पत्र्याच्या खोलीत,
मी सुपडू आप्पांचं दुकान दुरुस्त करत बसले होते.
दुकानाला ना फळी, ना शटर,
नुसतं एक पान,
आणि ते उघडायला अकरा सेकंद.

"दुकान उघडं शे ना?" आप्पा म्हणाले,
"मंग गिऱ्हाईक मांगे काब्रं फिरस?"

मी मोजून दाखवलं. घड्याळ त्यांचंच, तडकल्या काचेचं.
एक. दोन. तीन. इथे पुण्याची बाई गेली.
पाच. इथे नाशिकचा खानावळवाला.
सहा, सात,
चाक फिरतंय रिकाम्या घाण्यासारखं.
आठव्याला आप्पांनी खोकून घेतलं.
अकराव्याला मिरची आली, लालभडक, देखणी,
आणि समोर कुणीच नव्हतं.

दोष मिरचीचा नव्हता.
भाच्यानं लग्नाच्या कॅमेऱ्यानं काढलेले फोटो,
भिंतीएवढे, तळहाताएवढ्या खिडकीत कोंबलेले.
जागा भाड्याची, कुठेतरी समुद्रापार,
एका चाळीत बावन्न बिऱ्हाडं आणि नळ एकच.
दसऱ्याला सवलत लावली तेव्हा
तीनशे माणसं एकदम आली, नळाला थेंब नाही.
आप्पा अजून समजतात
त्या दिवशी कुणी आलंच नाही.

सर्व्हर, कॅश, हे शब्द मी तोंडात घोळवले
आणि गिळले.
बाहेर बोट केलं. ओली किती आणली होती, आप्पा?
"दहा क्विंटल."
वाळून?
"अडीच. फार तर तीन."
मग तिखट कमी होतं?
आप्पा पहिल्यांदा हसले.
"पानी जास. तिखट कसाले जाई?"

मी फोटोंमधलं पाणी काढायला बसले.

सकाळी पाव-पाव किलोच्या पुड्या बांधून ठेवतात
तशी पानं बांधून ठेवली,
हाक आली की तराजू न शोधता उचलून द्यायची.
देठ खुडावेत तशी अठरातली तेरा प्लगिनं खुडली.
त्यातलं एक नुसता बर्फ पाडायचं.
नंदुरबारात. बर्फ.
चाळ सोडू म्हटलं, मुंबईत घेऊ, नळ आपला,
महिन्याला चारशे जास्त.
आप्पांना ठसका लागला,
तो मिरचीचा होता असं मी धरून चालले.

राहिले तळाशी देठ खुडणाऱ्या नऊ बायकांचे फोटो,
नावासकट, सगळ्यांत जड.
काढून टाकू? मी विचारलं.
काढायची गरज नव्हती खरं तर,
मला पाचची गाडी गाठायची होती.
आप्पांनी मान वर केली नाही.
"त्या ऱ्हातीन. पुढचं बोल."

मग कळलं,
रायसीबाई वळवी रोज दुपारी, भाकरी झाल्यावर,
वॉचमनचा फोन मागून घेते.
पान उघडेपर्यंत उभी राहते.
खाली सरकवते, पुन्हा उभी राहते,
डोक्यापासून हनुवटीपर्यंत
स्वतःला पट्टी पट्टीनं येताना बघते.
पुण्याची बाई तिसऱ्याला गेली,
हीच तेवढी सगळे अकरा थांबायची
आणि विकत काही घ्यायची नाही.

सोमवारी रात्री काटा दोनच्या आत आला.
मंगळवारी तिला हाक मारली.
बोटांची आग होत होती तिच्या,
म्हणून फोन मीच धरला,
तिनं मनगटानं काचेला टेकवलं.

टेकवलं नाही तोच ती आली, पूर्ण, एकदम.
रायसीबाई मागे सरकली.
फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
पथारीवरच्या मिरचीला अजून सहा उन्हं हवी होती.

"आली पण?" ती म्हणाली.
"थांबायचं ना जरा.
तेवढ्यात मी पदर नीट करायची."