आळीपाळीने

आठवीची एकवीस मुलं, एक पिवळी बस,
सुपीरियर सरोवरावरून येणारं कान कापणारं वारं,
आणि पालकांच्या चिठ्ठीत कारण लिहिलेलं:
समूहगायनाची ओळख.
आमच्या शाळेत गाण्याचा तास तीन वर्षांपूर्वी बंद झाला.
मी भूगोल शिकवते.
पण सहीला कुणीतरी लागतंच.

सभागृह म्हणजे खाणकामगारांच्या संघटनेची जुनी इमारत.
घडीच्या खुर्च्या, भिंतीवर बोलिंगच्या ढाली,
मधूनच खोकणारा हीटर.
वाद्यवृंद स्थानापन्न झाला तशी मुलं कुजबुजली,
"तो चेलोवाला! त्यानेच माझी दाढ उपटली."
"बासरीवाली पोस्टात असते, पार्सल तोलताना अंगठा ठेवते."
ट्रॉम्बोनवर टॉइवो नीमेला,
रस्त्यावरचा बर्फ सारणारा,
काळ्या कोटाखालून नारिंगी जाकीट डोकावणारा.
मुलांना झगमगाट हवा होता.
ही तर सगळी रोजचीच माणसं,
फक्त इस्त्री करून आलेली.

वाद्यं जुळवली जात असताना
पा न्या वांगने विचारलं, "सुरू झालं?"
"नाही गं, अजून सूर लावतायत."
"मग हेच छान आहे की."
मला उत्तर सुचलं नाही.

मागच्या पायऱ्यांवर साठजण उभे राहिले.
शब्द लॅटिन. मुलांना कळेनात,
गाणाऱ्यांना कळत असतील अशी माझीही खात्री नाही.
पहिली दहा मिनिटं एमेटने बुटाची नाडी सोडली,
बांधली,
पुन्हा सोडली.

आणि मग कुठल्याशा शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर
ते सगळे थबकले.
गप्प नाही झाले. तिथेच उभे राहिले, त्या सुरावर,
आणि एकेक वाद्य पाय न वाजवता निघून गेलं.
मी मनात मोजू लागले.
वीस.
चाळीस.
एमेटच्या हातातली नाडी तशीच राहिली.
तो पोहणारा मुलगा. माणसाच्या छातीत किती मावतं
ते त्याला माझ्याहून बरं माहीत.
"बाई, हे दम कधी खातात?"
भूगोलाच्या बाईला काय विचारतोस!

मध्यंतरात तो सरळ इर्मा काउप्पीपुढे जाऊन उभा राहिला.
सत्तरीची बाई, हातात कागदी कप.
"चोरून," ती म्हणाली.
"शेजारीण घेते तेव्हा मी घेत नाही.
शब्द संपतो तिथे तर मुळीच नाही, तिथे सगळ्यांनाच मोह होतो.
मधेच कुठेतरी, तोंड तसंच ठेवून, जायचं.
येताना हळू यायचं. दार वाजवायचं नाही."
"आणि दोघींनी एकदम घेतला तर?"
"भोक पडतं. मग घरी जाताना गाडीत आम्ही बोलत नाही."

तेवढ्यात टॉइवोचा फोन वाजला.
खिडकीबाहेर आडवा बर्फ.
त्याने ट्रॉम्बोन पेटीत निजवला, टोपी चढवली, गेला.
उत्तरार्धात त्याची खुर्ची रिकामी,
शेजारचा थोडा जास्तच जोरात वाजवत होता.

परतताना बस गोगलगाय झाली.
पुढे पिवळा दिवा गरगर फिरणारा एक ट्रक,
दोन्ही बाजूंना बर्फाची लाट उडवत चाललेला.
"टॉइवोच आहे!" सगळी काचांना चिकटली.
मग मागच्या बाकावरून एमेट ओरडला,
"एक सूर धरा. कुठलाही. पण सोडायचा नाही."

पहिल्यांदा पेट्रोलपंपापाशी हशा पिकला.
दुसऱ्यांदा मुलींचं भांडण, पाळी कुणाची होती म्हणून.
तिसऱ्यांदा पुलावरून जो धरला
तो बेसूर होता, जाडाभरडा होता,
पण तुटेना.
अंधारात कोण कधी गेलं, कधी परत आलं, समजेना.
मीही होते त्यात.
वर्गात वीस वर्षं मी वाक्य संपल्याशिवाय थांबले नाही.
त्या रात्री मधेच, गुपचूप, दम खाल्ला,
आणि माझ्याविना ते नीट चाललं होतं.
हळूच परत शिरले.

पाण्याच्या टाकीपाशी कुणीतरी शिंकलं.
तोवर साडेचार मैल झाले होते.