तळटीप एकेचाळीस

लुब्लिन. फेब्रुवारी. वाचनालयातला हीटर
प्रवचनाआधी खाकरावं तसा खाकरतो.
प्रबंधात मी लिहिलं होतं: देव चांगला आहे.
फादर बोगुमिऊंनी समासात शिसपेन्सिलीनं विचारलं,
कोण म्हणतं?

तीन आठवडे लॅटिन उपसलं.
म्हणणारे पुष्कळ निघाले,
सगळे मेलेले.
प्रत्येक नावापुढे त्यांनी बारीक टिंब दिलं:
हे त्यांचं झालं. तुझं काय, यागोदा?

मार्चात आईचं ऑपरेशन.
मी दवाखान्याच्या बाकावर खर्डा तपासत बसले,
स्वल्पविराम, अवतरणचिन्हं, पुन्हा स्वल्पविराम.
शेजारची बाई डब्यातून बिटाचं सूप पीत होती.
न विचारता तिनं झाकणभर मला दिलं.
कोमट. मीठ जास्त.

परतले तेव्हा फादर म्हणाले, सापडलं?
नाही, म्हटलं.
त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.
जागा कोरी ठेव, म्हणाले,
पण आकडा खोडू नकोस.

प्रबंध आता तिसऱ्या मजल्यावर धूळ खातो.
एकेचाळीस, आणि पुढे काही नाही.
परवा पाहिलं तर तिथे कुणीतरी
शिसपेन्सिलीनं बरोबरची खूण केलेली.
नुसत्या खुणेवरून
हात ओळखता येत नाही.