प्रकरण चौदावे, उरलेले

रात्री दोनला घणसोली गावठाण
जेवढं गप्प होतं, तेवढ्यात मी वाचते.
बेलापूर रोडचे ट्रेलर विरळ होतात,
शेजारच्या टाकीत पाणी चढायचं थांबतं.
घरं इतकी लगत, की त्यांचा नळ
माझ्या वाक्यात ठिबकतो.

गोदरेजचं कपाट उघडून
खांद्यापर्यंत आत शिरायचं.
उजवीकडे सुनेचे लग्नातले शालू, डावीकडे दोन गोधड्या,
मधे उलट्या डब्यावर फोन.
डांबराच्या गोळ्यांचा वास घशात धरून
शंभर वर्षांपूर्वीची एक बाई
हळूच दार उघडून बाहेर पडते.

नणंद विचारते, पैसे किती देतात?
काही नाही.
ऐकणाऱ्याला किती पडतात?
काही नाही.
"मंजे दोगंपन येरे," म्हणते
आणि पुन्हा कोलंबी सोलायला लागते.

लिहिणारा जाऊन साठ वर्षं झाली
की पुस्तक सगळ्यांचं होतं.
आमचं मिठागर एका नोटिशीत झालं.

निपाणीचे हुक्केरी मास्तर
माझं प्रत्येक मिनिट कान लावून तपासतात.
०७:१२ – 'बाण'चा 'बान' झाला आहे.
०९:४० – 'डोळे', ताई. 'डोले' नव्हे.
मी पुन्हा कपाटात जाते,
जीभ टाळूला वळवून वळवून
ण, ळ, ण, ळ,
साठीत शाळेत बसवल्यासारखी.
मास्तर चूक सांगतात, पण कधी हसत नाहीत.
आम्ही एकमेकांना पाहिलेलं नाही.

पुस्तक आम्ही वाटून घेतलेलं.
म्हणून नायिका पाचव्या प्रकरणात सोलापूरची,
सहाव्यात तिला पडसं झालंय,
नवव्यात ती एका रिटायर फौजदाराच्या आवाजात
लाजते.

चौदावं आष्टीकरांकडे होतं, मुक्काम कारंजा.
दीड वर्ष आलं नाही.
मग त्यांच्या मुलीनं पाठवलं:
बाबांच्या फोनमध्ये एवढंच सापडलं.
अकरा मिनिटं, बत्तीस सेकंद.

काय वाचायचे आष्टीकर!
घाई नाही. पान उलटतानाही
बोटाला थुंकी लावल्याचं ऐकू येतं.
संध्याकाळ, धक्का, बाईच्या हातात बोचकं,
नावाडी दोर सोडतो आणि म्हणतो,

आणि म्हणतो, च्या पुढे
खुर्ची सरकते. "आलो गं."
त्यानंतर चार मिनिटं
नुसता पंखा.

नियम असा, की प्रकरण अर्धवट असेल
तर दुसऱ्यानं पहिल्यापासून वाचावं.
मी ते चार दिवस ऐकत राहिले.
भात गाळताना, बँकेच्या रांगेत, पंख्यासकट.
पाचव्या रात्री कपाटात शिरले
आणि त्या स्वल्पविरामानंतर सुरू केलं.

नावाडी काय म्हणतो ते पुस्तकात शुद्ध छापलंय:
'बाई, पाणी ओसरत आहे, बसायचे तर आत्ताच बसा.'
मी तसंच वाचणार होते.
जीभ वळवूनही ठेवली होती.
पण खाडीत होडी मोकळी करताना
बा जसा बोलायचा तसंच आलं तोंडून,
खालच्या पट्टीत, दुसरीकडे बघत:
बाय, पानी उतारतंय, बसाचं त आताच बस.

पुसलं नाही.
पंखा तीन सेकंद ठेवला, बाकी कापला.

मास्तरांची टिपणं आठवड्यानं आली.
११:३२ – आवाज बदलतो. बदलू द्या.
११:३९ – पानी.
त्यापुढे काहीच नव्हतं.
मी दोनदा खाली-वर करून पाहिलं.
मग तिसऱ्या ओळीत:
१६:२० – 'वल्हे'तला ह ऐकू येत नाही. एवढं परत वाचा.

ते आज वाचायचं होतं.
पण शेजारी लवकर उठलेत, टाकी भरायला लागली आहे,
सून विचारते, आई, आत काय शोधताय?
बोचकं मांडीवर घेऊन
ती बाई खाडीच्या मध्यावर.
पंधरावं अजून कुणी घेतलेलं नाही.