हजाराला वीस

पहाटे पाचला, ग्रादोच्या धक्क्यामागे,
सायकलच्या पिशवीत मी भरलं:
दोन ट्यूब, पंप,
ओदिल्ला वहिनीसाठी मिठातल्या मांदेलीचा डबा
आणि गुडघ्याचं मलम.
दोरीनो म्हणाला, मलम वर ठेव, लवकर लागेल.

खाडीतला रस्ता सपाट, दोन्हीकडे पाणी,
बगळ्यांनी बघितलं, उडायची तसदी घेतली नाही.
मग मका.
एका चर्चच्या सावलीत एकेक केळं,
आणि पुन्हा मका.
डोंगर दिवसभर सकाळी होते तिथेच,
आपण येतोय हे त्यांना कुणी कळवलंच नसावं.

चाळीस वर्षांपूर्वी मी उलट उतरले होते,
आधी आगगाडी, मग बस, पेटी मांडीवर,
आईच्या अंगणातून निघून जेवणाच्या वेळेला
सासरच्या खाऱ्या वाऱ्यात.
खिडकीशी झोपले होते. काहीच पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी जुना लोहमार्ग सुरू झाला.
म्हणजे, तो आता नाही. रूळ केव्हाच उचलले.
नवी गाडी डोंगराच्या पोटातून जाते,
आणि इथे काळं डांबर, मधोमध पांढरी रेघ,
कडेला खडीत अजून एखादा गंजका खिळा.

माझे वडील, एर्मेस, ह्या मार्गावर गँगमन.
खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा,
आठ किलोमीटर वर, आठ खाली,
दर सांध्याला एक ठोका.
आवाज खणखणीत आला तर पुढे.
बद्द आला तर वाकायचं, बोल्ट आवळायचा.
जेवताना आमच्याशीही तसंच बोलत:
एक प्रश्न,
मग नुसते कान.

"आगगाडी नाजूक असते," ते म्हणायचे.
"हजार मीटरला वीस मीटर चढ.
त्यावर वीतभर जास्त तिला सोसत नाही."
म्हणून हे पूल. म्हणून कड्यात कोरलेले बोगदे.
म्हणून वाट डोंगराशी भांडत नाही,
कडेकडेनं त्याची मनधरणी करत जाते,
सगळं एका इंजिनाच्या छातीसाठी.
ते इंजिन भंगारात गेलं.
त्याचे केलेले सगळे लाड
आज माझ्या बासष्ट वर्षांच्या गुडघ्यांना मिळतायत.
चढ आहे हे पायांना कळतही नाही.
फक्त दोरीनो बोलायचा थांबलाय.

बोगद्यात दिवे आपोआप लागतात, एकेक, आपल्या पुढे पुढे.
थांबलं की विझतात.
मी थांबले.
अंधारात पाण्याचा थेंब, गार भिंत, आणि दोरीनोची शिवी.

पुलाखाली फेल्ला नदी,
पांढऱ्या गोट्यांतून हिरवट निळी धार.
मी पंप काढला
आणि कठड्याच्या लोखंडावर एक ठोका दिला.
काय झालं? दोरीनो ओरडला.
थांब, म्हटलं.
आवाज लोखंडात बराच वेळ चालत राहिला.
खणखणीत होता की बद्द, मला सांगता येणार नाही.
हे त्यांनी मला शिकवलंच नव्हतं, भावाला शिकवलं,
आणि भाऊ ट्रक चालवायला गेला.
तो जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून वहिनी आणि मी
नाताळला फोन करतो, हवेबद्दल बोलतो.

तेवढ्यात वरून एक ऑस्ट्रियन कुटुंब आलं, पाच हेल्मेटं,
सगळ्यात धाकटी पेडलवरून दोन्ही पाय उचलून,
किंचाळत, समुद्राच्या दिशेला.
मी कडेला झाले आणि हात वर धरला,
ते धरायचे तसा:
मार्ग ठीक आहे, जाऊ द्या.

जुन्या स्टेशनात आता कॅफे. सूप संपलं होतं.
तिकीटखिडकीतून कॉफी मिळाली, उभ्यानं प्यायलो.
दोरीनोनं मलम मागितलं. स्वतःसाठी.

वहिनीला विचारायचा एक प्रश्न आहे.
अजून चार किलोमीटर.
म्हणजे ऐंशी मीटर.