दुधाळ

मे संपता संपता तहसीलची जीप उद्यमनगरात आली.
हौद्यात गोणपाटावर आडवं, चाळीस घोड्यांचं,
पूरबोटीचं यंत्र. आणि एक कागद:
गिअरमध्ये आवाज येतो, तपासून अहवाल द्यावा.
सोबत चालक, रावसाहेब आंबी, चिखलीचा.
स्टूल पुढं केलं. उभाच राहिला.

पहिल्या दिवशी मी काहीच केलं नाही.
यंत्र स्टँडवर सरळ टांगून ठेवलं रात्रभर.
पाणी जड असतं, पण त्याला खाली बसायला वेळ लागतो.
तौफिकला म्हटलं,
घाई करणाऱ्याला तेल खोटं सांगतं.

सकाळी खालचा स्क्रू, अर्धा आटा, मग अजून अर्धा.
वरचा बंदच.
आधी उतरलं ते तेल नव्हतं.
चमचाभर निव्वळ पाणी, गेल्या श्रावणातलं,
गाळाचा वास अजून धरून बसलेलं.
मग वरचा सोडला
आणि बाकीचं आलं, जाड, करडं-पांढरं,
पहाटे गंगावेशीत म्हशीखाली धरलेल्या पेल्यात
फेस चढावा तसं.

"दुधाळ," तौफिक म्हणाला.
आंबीनं मान रस्त्याकडं केली.

दुधातलं पाणी आमच्याकडं पोरंसुद्धा ओळखतात,
अंगठ्याच्या नखावर थेंब ठेवून.
तेलाला तवा लागतो.
तापलेल्या पत्र्यावर एक थेंब टाकला:
चट् चट् चट्.
चुंबकावर नुसता तांबूस चिखल, कुठं तुकडा नाही.
म्हणजे दात शाबूत. नशीब.

पण पाणी आहे हे कळणं म्हणजे निदान नव्हे.
कपाळाला हात लावला की ताप कुणालाही कळतो.
शिरलं कुठून?
स्क्रूखालचे वॉशर चपटे झालेले, दोनदा वापरलेले,
मला वाटलं हेच, आणि मी चुकलो.
नवे घातले, सायकलच्या पंपानं हवा भरली, दहा पौंड,
साबणाचं पाणी ब्रशनं सगळीकडं.
काटा हलेना.
आम्ही दोघं बघत बसलो. बाहेर लेथ ओरडत होता.
मग तौफिकनं सहज पंख्याचा आस हातानं फिरवला
आणि त्याच्या मुळाशी एक बुडबुडा आला,
हरभऱ्याएवढा.
फुटला. परत आला.

पंखा काढला.
मागं आसाला गुंडाळलेली नायलॉनची दोरी,
निळी-पिवळी, घासून वितळून
बांगडीसारखी घट्ट झालेली.
तिनंच सीलचा ओठ कापला होता.
आकड्यानं उकलत गेलो, दोन हात भरली.
एक टोक विळ्यानं सरळ कापलेलं.
दुसऱ्याला गाठ.
ही गाठ मलाही बांधता येते. दाव्याची गाठ.

तेव्हा आंबी बसला.
"रातभर दावी कापत हुतो," म्हणाला.
"माणसं बोटीत. जनावरं पाण्यात सोडली.
एक मागनं पवत आली. आमचीच.
गळ्यात अर्धं दावं तसंच.
मी म्हटलं, यील, दमाची हाय.
मग इंजिन अडकलं.
रिव्हर्स मारला. सुटलं."

पुढचं मी विचारलं नाही.
तौफिक विचारणार होता, त्याला पाना आणायला पाठवलं.

अहवालात लिहिलं:
प्रोपेलर शाफ्टचं सील कापलं गेलं आहे. कारण, दोरी.
सील व वॉशर नवीन. दहा पौंडांवर पंधरा मिनिटं स्थिर.
कुठली दोरी, याला रकाना नाही.

नवं तेल खालून भरायचं असतं,
वरच्या भोकातून डोकावेपर्यंत,
म्हणजे आत हवा राहत नाही.
वरचं आधी बंद, मग खालचं.
एवढं मी तौफिकला तीनदा सांगितलं,
तरी मलाच ऐकू येत होतं.

आंबीनं दोरी पेपरात बांधली, शर्टाच्या खिशात कोंबली.
चहावाला आला.
त्यानं कोरा मागितला.