मानस

आमच्या मॉडेलला तो माणूस बरा वाटला नाही.
नमुना क्रमांक चारशे सतरा, वय अठ्ठावन्न, चोडण.
सोमवारी रात्री सव्वाबाराला उठला,
मंगळवारी एकच्या पुढे,
बुधवारी दोनला पाच कमी,
आणि उठला की अंधारात चालतो, चारशे पावलं, मग थांबतो,
तासभर एकाच जागी.
फोनच्या पोटातला हालचालमापक एवढंच सांगतो.
जोखीम: शून्य पूर्णांक त्र्याऐंशी शतांश.
पडद्यावर त्याची ओळ लाल झाली
आणि पणजीत तिसऱ्या मजल्यावर, एसीखाली,
आम्ही चौघं काळजीत पडलो,
म्हणजे मेथा म्हणाला, जाऊन ये तू, तुला कोकणी येते.

रायबंदरहून फेरी. पलीकडे चिखलाचा वास, खारफुटी,
आणि बांधावर बनियनमध्ये बसलेला सगूण वळवईकर,
जाळ्याची भोकं शिवत.
मी प्रश्नावली काढली.
गेल्या दोन आठवड्यांत झोपेचा त्रास किती दिवस झाला?
कधीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज.
तो माझ्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, चल, मानस दाखवतो.

मी मानसशास्त्रात एम. ए. आहे.
हा शब्द मी परीक्षेत किती वेळा लिहिला असेन.
इथे मानस म्हणजे लाकडाचं दार,
नदी आणि खाजन यांच्या मध्ये, शेवाळलेलं,
भरती आली की पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटणारं,
ओहोटीला उघडणारं.
उघडलं की तिथे जाळं लावायचं, आणि थांबायचं.
ओहोटी रोज पाऊण-एक तास उशिरा.
"उदकाचें घड्याळ वेगळें, बाय," तो म्हणाला,
आणि माझ्या टॅबकडे जरा दयेने पाहिलं.

मला हसू आलं. सुटल्यासारखं झालं.
आजार नव्हताच, चंद्र होता,
आणि चंद्र आमच्या डेटात नव्हता.

चहाला घरी नेलं त्याने.
सत्यवती, त्याची बायको. चारशे अठरा.
आमची सगळ्यांत नेटकी ओळ:
रात्री दहा ते पहाटे सहा, एकही खळगा नाही,
नऊच्या नऊ उत्तरांना शून्य.
मेथा तिचा आलेख नव्या मुलांना दाखवतो,
निरोगी झोप अशी दिसते म्हणून.

तिने चहा दिला. साखर विसरली होती, पुन्हा उठली.
फोन कुठे ठेवता रात्री, मी सहज विचारलं.
तांदळाच्या डब्यावर, ती म्हणाली. दहाला ठेवते.
आणि तुम्ही?
मी इथे, म्हणाली.
इथे म्हणजे खिडकीपाशी एक लाकडी स्टूल होतं,
बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेलं.
खिडकीतून बांध दिसत नव्हता.
शेजाऱ्यांची भिंत दिसत होती, आणि भिंतीवरची पपई.

म्हणजे आठ तास झोपत होता तो फोन.

प्रश्नावली माझ्या मांडीवर होती.
पुन्हा विचारता आलं असतं, तेच नऊ प्रश्न, त्याच क्रमाने,
आणि ती म्हणाली असती, ना गो, बरें आसा,
जसं आधीच्या मुलीला म्हणाली होती.
सगूण बाहेर चूळ भरत होता.
ती म्हणाली, अजून थोडा घे चहा,
मी नको म्हणणार होते, हो म्हटलं.
मग आम्ही दोघी पपईकडे बघत बसलो बराच वेळ.
किती, ते मी नोंदवलं नाही.

परतीच्या फेरीत लॅपटॉप उघडला.
भरती-ओहोटीचा रकाना जोडला, मॉडेल पुन्हा चालवलं.
चारशे सतरा: शून्य पूर्णांक अकरा शतांश. लाल गेलं.
मेथाला निरोप टाकला, त्याने अंगठा पाठवला.

चारशे अठराचा आकडा जिथे होता तिथेच.
शून्य पूर्णांक सहा शतांश, हिरवागार.
तिच्यासाठी एक नवा रकाना उघडला.
वरच्या चौकोनात नाव लिहावं लागतं,
त्याशिवाय तो पुढे जाऊ देत नाही.
कर्सर लुकलुकत राहिला.
फेरीचा पत्रा रायबंदरच्या धक्क्याला घासला
आणि मागचा स्कूटरवाला हॉर्न वाजवायला लागला.